पिंपावरचं भाषण

वेनान्सिओला आता जिने नकोसे झाले होते. त्यात रिओतल्या या सिनेसंग्रहालयाची लिफ्ट बंद! एक्याऐंशीव्या वर्षी तीन मजले चढून तो आला आणि जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या जुरेमाच्या टेबलासमोर खुर्चीत धपकन बसला.

"काका, पाणी देऊ?"

"कॉफी दे. साखर घाल भरपूर. डॉक्टरला काय कळतंय!"

आयुष्यात त्याने एकाच सिनेमात काम केलं होतं, त्र्याहत्तर साली, गोदी कामगाराचं. हा कामगार पिंपावर चढून गोऱ्या मालकाला जाब विचारतो, असा प्रसंग लिहिला होता. आपला काळा माणूस पडद्यावर असं बोलणार म्हणून अख्खी वस्ती थिएटरात लोटली. आणि ऐकलं काय? "भावांनो, धीर धरा, मालक आपलेच आहेत." झालं, वस्तीत छी-थू झाली. सख्ख्या भावाने, निव्हाल्दोने, मरेपर्यंत बोलणं टाकलं.

तेव्हा सिनेमाला आवाज नंतर स्टुडिओत भरत, आणि याच्या तोंडी रेडिओवरच्या एका गोऱ्या निवेदकाचा आवाज घातला होता. "शब्दही त्याचेच!" वेनान्सिओ पन्नास वर्षं कंठशोष करत राहिला. "लष्कराच्या सेन्सॉरला भिऊन बदलले. माझे ओठ बघा ना!" पण बघणार कुठे? सिनेमाच गडप झालेला.

आता एक प्रत सापडली होती. जुरेमा ते भाषण त्याच्याच आवाजात, त्याच्या खऱ्या शब्दांत भरणार होती; नोंद राहावी म्हणून तिने बाजूला एक कॅमेराही लावला होता.

"ओठ हलतील तसं बोला, काका."

तिने आवाज बंद करून प्रसंग लावला. तरणाताठा वेनान्सिओ पिंपावर चढला. म्हाताऱ्याने सुरुवात केली, "आमच्या घामावर..." ओठ जुळेनात. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तो नुसता बघत बसला.

धीर धरा. ओठ स्वच्छ तेच म्हणत होते.

त्या सकाळी दिग्दर्शकाने कागद बदलून दिला होता. घरी बायकोचे दिवस भरलेले, कोण तुरुंगात जाणार? त्याने निमूट म्हणून टाकलं होतं. पुढे सांगून सांगून त्याचं त्यालाच खोटं खरं वाटायला लागलं.

जुरेमालाही कळलं. "काका, संगणकावर ओठ जुळवता येतात थोडे."

"नको गं. निव्हाल्दोचं बरोबर होतं." त्याने डोळे पुसले. "फार थकलो, पोरी. सिनेमा आहे तसाच दाखव. तुझा कॅमेरा तेवढा इकडे फिरव."

टेबल धरून तो उभा राहिला. "आमच्या घामावर तुमचे बंगले उभे राहिले. आता मान खाली घालून आम्ही काही मागणार नाही. हक्काचं आहे, ते घेणार." धाप लागली. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं.

"खाली तारीख टाक," तो बसत म्हणाला. "आजची."