समुद्राकडचा कोपरा

या उपनगरात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. वाट विचारा, सांगतील, "समुद्राकडे वळा," नाहीतर "समुद्राकडे पाठ करा." न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूससुद्धा म्हणतो, "समुद्राकडचा कल्ला जरा कमी करा."

वहिनींचा जन्म असाच समुद्र धरून गेला. साऱ्या वस्तीच्या त्या वहिनी. त्यांची नणंद खाऱ्या पाण्याच्या तलावावर तिकिटं द्यायची आणि खिडकीतून हाळी घालायची, "वहिनी, चार बायका आल्या गं!" ऐकून ऐकून सगळेच त्यांना वहिनी म्हणायला लागले. वहिनी कपड्यांच्या खोलीत. कोरडी माणसं यायची, कपडे ठेवून जायची. ओली माणसं यायची, कपडे घेऊन जायची. आणि वहिनींचे यजमान तलावाच्या खोल टोकाला, उंच पायरीवर, बुडणाऱ्यांवर नजर ठेवून उभे. एक पाय दुमडून उभं राहायची खोड, म्हणून लोक त्यांना बगळा म्हणत.

नवरा-बायको एकाच तलावावर चाकरीला, पण मधे सगळं पाणी. खोलीच्या दाराला जाड पडदा, आणि खोली सोडून हलायची सोय नाही. पाण्याचा आवाज वहिनींच्या कानात, पाण्याचा वास अंगाखांद्यावर, पाणी मात्र नजरेआड. पुढे तलावालगतचा उपसागर भराव टाकून बुजवला, त्याबरोबर तलावही बुजला. मग एके दिवशी बगळाही या जगातून उडून गेला. वहिनींच्या मनात एवढंच राहिलं, की त्या पायरीवर एकदा उभं राहायचं होतं. हे दिवसभर कुठे बघत असत, ते बघायचं होतं.

यंदा वस्तीच्या इतिहास मंडळाने ठरवलं, की तलाव जिथे होता तिथे तो फक्कीने जमिनीवर आखायचा आणि रविवारी लोकांना त्यातून फिरवायचं. नकाशा कुणाकडे नव्हता. जुन्यातली एकच गोष्ट उभी होती, तिकिटाची खिडकी. तिच्या खोपटात आता पार्किंगवाला बसतो. मंडळाचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार. ते वहिनींकडे आले.

"वहिनी, खिडकीपासून तलाव कुठल्या अंगाला?"

"समुद्राकडे," वहिनी म्हणाल्या, आणि हात आपोआप उठला. भोवतीच्या जुन्या माणसांनी माना डोलावल्या. समुद्राकडेच तर. तिथे गाड्या लावायचं मैदान पसरलं होतं. गाड्या हलवून फक्की मारली, तलाव उमटला, आणि टोकाला एक चौकोन काढून आत लिहिलं, 'जीवरक्षकाची पायरी'.

रविवारी वहिनी ठेवणीतले कपडे घालून आल्या. केस दोनदा विंचरले होते, एकदा घरी, एकदा वाटेत काचेत बघून. पोरं फक्कीच्या रेघांमध्ये हात मारत पोहत होती, कुणी डांबरावर सूर मारायचं नाटक करत होतं. वहिनी कडेकडेने चालत चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटले. उघडले. समोर गाड्या, मागे वारा.

काहीच झालं नाही. परक्याच्या घरात चुकून शिरावं तसं वाटलं.

तेवढ्यात टॅक्सीतून काठी बाहेर आली, काठीमागून नणंद. गुडघ्याच्या दुखण्याने ती आखणीच्या दिवशी येऊ शकली नव्हती. आली ती थेट खोपटाशी गेली.

"ऊठ रे बाबा. तुझ्या आधी ही खुर्ची माझी होती."

पार्किंगवाला हसत उठला. नणंद ऐसपैस बसली, बाहेर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वहिनी! इकडे ये आधी. हा उद्योग कुणी केला?"

"काय झालं, वन्सं?"

"सकाळी तिकिटं देताना माझ्या डोळ्यांवर ऊन यायचं, आठवतं? पाण्यावरून चमकून यायचं, नुसती आंधळी व्हायचे मी. सकाळी गं! तलाव उगवतीला होता. तू तर मावळतीला काढून ठेवलास."

"मी समुद्राकडे म्हटलं."

"कुठल्या समुद्राकडे?"

वहिनींनी मान वळवली. मावळतीला पाणी लखलखत होतं. तलाव होता तेव्हा तिथे गोदामांच्या रांगा होत्या, त्यांच्यामागचा समुद्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता; समुद्र म्हणजे उगवतीचा उपसागर. गोदामं पाडली, उपसागर बुजवला, आणि समुद्राने जणू कूस बदलली. माणसं मात्र समुद्राकडे म्हणत राहिली, हात करत राहिली. बोट कधी फिरलं, कुणाला कळलं नाही.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "आता हो? सगळं पुसायचं?"

"राहू दे," नणंद म्हणाली. "पोरं पोहतायत तिथे."

वहिनी उगवतीकडे बघत होत्या. तिथे लांबलचक इमारत उभी होती, खाली दुकानं, शेजारून गल्ली.

"वन्सं, पायरी कुठे येईल हो?"

नणंदेने गल्लीकडे बघितलं. मग म्हणाली, "चहा आला की मी इथून हाक मारायची. एका हाकेत पोचायची त्याला, पण जेमतेम. आणखी चार पावलं लांब असता तर दुसरी मारावी लागली असती. तू चालत जा गल्लीतून. मी हाका मारते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हातारीला वेड लागलं. आज म्हणतील का पहिल्यांदा?"

वहिनी निघाल्या. मागून हाक आली, "बगळ्याऽऽ, चहाऽऽ!" आवाज पिकला होता, पण धार तीच. वहिनी चालत राहिल्या. हाक बारीक झाली. आणखी बारीक. मग सुताएवढी उरली, आणि तिथे वहिनी थांबल्या.

बाजूला दातांच्या डॉक्टरांचं दार होतं.

नणंद काठी टेकत मागून आली, दम घेत पाटीकडे बघत राहिली. "तुझ्या तोंडात एक दात नाही, आणि बगळ्याने कुठे आणलंन बघ तुला."

"वन्सं, ते कुठे बघत असायचे?"

"बुडणाऱ्यांकडे बघायचा पगार होता त्याला," नणंद म्हणाली. "तुझ्या पडद्याकडे बघायचा, ते फुकट. वाऱ्याने पडदा हलला की चहा विसरायचा मेला."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं. मग दार ढकलून आत गेल्या.

आत गालाला हात लावून माणसं बसली होती. वहिनी मधोमध उभ्या राहिल्या, तिकिटाच्या खिडकीच्या दिशेला तोंड करून. समोर पांढरी भिंत होती. भिंतीच्या पलीकडे लांबवर, कपड्यांची खोली जिथे होती तिकडे, त्या बघत राहिल्या. पोहणाऱ्यांचा गलका कानात भरला, आणि पलीकडच्या काठावर एक पडदा हलला.

"आजी, बसा ना," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"नको गं, उभीच बरी."

"काय होतंय? नंबर लावू?"

"लाव," वहिनी नजर न काढता म्हणाल्या. "सगळ्यांच्या शेवटी लाव."