मुदत संपेपर्यंत

गल्लीत तिला सगळे बँकबाई म्हणत आणि ते तिला मनापासून आवडायचं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या संसारात पैसा चिमटीनं येतो. तो मुठीनं उधळायची ऐपत कोणाची? बँकबाईनं पै पै जोडली. एकदा ठेव ठेवली की मुदतीआधी तिला हात लावायचा नाही, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, हा तिचा कायदा. नवरा हसून म्हणायचा, "कोसळू दे. मुदत संपेपर्यंत डोक्यावर धरून उभा राहीन." आणि माणूस खरंच तसा निघाला.

डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं म्हणून तो दाखवायला गेला, तर काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, तोवर हे थेंब दिवसातून दोनदा घाला. ठेवीची मुदत संपायला पाच महिने उरले होते. आत्ता मोडली तर व्याजावर पाणी. "पाच महिने काय, बघता बघता जातील," ती म्हणाली आणि त्यानं मान डोलावली. थेंबांची बाटलीही महाग, म्हणून तो दिवसातून एकदाच घालायला लागला. महिन्याची बाटली त्यानं दोन महिने पुरवली, तेव्हा तिनं शेजारणीला ते कौतुकानं सांगितलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. या घरानं ते फारच मनावर घेतलं होतं.

डावा डोळा गेला. गेला तो परत येत नाही, असं डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं. उजव्यालाही सुरुवात झालीय, त्याचं ऑपरेशन या महिन्यात झालंच पाहिजे. आता आपल्याला रडू येणार म्हणून तिनं रुमाल हातात धरून ठेवला, पण रडू आलं नाही. घरी येऊन तिनं भांडी घासली, झोपली, उठली. स्वतःचा राग यायला हवा, हे तिला कळत होतं, तोही येईना. सगळं कसं सुन्न, इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं.

मुदत संपली त्या दिवशी दोघं बँकेत गेली. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती.

"काका, मध्येच मोडली नाहीत ना, म्हणून व्याज पूर्ण मिळालंय तुम्हाला."

"किती आलं?"

तिनं आकडा सांगितला.

"वा," तो म्हणाला, "एका डोळ्याचे बरे आले की."

मुलीला काही कळलं नाही, पण ती हसली. बँकबाईही हसली, त्याच्या विनोदावर हसायची इतक्या वर्षांची सवय. तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान कुठेतरी लागला असता.

"पुन्हा ठेवायची का?" मुलीनं विचारलं. "सध्या दर चांगलाय."

"ठेवून टाका," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, "ऑपरेशनचं बघू गं पुढे. डॉक्टर काय, घाईच करतात. एका डोळ्यावर चाललंय की माझं दुकान."

बोलत तो होता, पण शब्द सगळे तिचे होते. तिनंच घोटवून घेतले होते ते. त्याच्या तोंडून ऐकताना आठवड्याभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखलं.

"काढून द्या," ती मुलीला म्हणाली. "सगळे."

"अगं, सगळे? आणि उद्या काही अडलं तर?"

हा प्रश्न आजवर तिनंच विचारला होता. नव्या कपाटाला, सहलीला, त्याच्या डोळ्याला.

"अडलंय," ती म्हणाली.

मुलीनं पैसे काढायचा फॉर्म पुढे केला. बँकबाईनं तो त्याच्या उजव्या बाजूला सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्यानं वाकून सही करेपर्यंत उचललं नाही.