सुजलेल्या बोटातली पाच खड्यांची अंगठी

"कापल्याशिवाय निघणार नाही," ड्रायव्हरभाऊजी म्हणाले.

"न कापता काढून दाखवते," टेलरकाकू म्हणाल्या. "लावता पैज?"

"लावली. जो हरेल त्यानं चौकापासून घरापर्यंत उलटं चालत यायचं. भर संध्याकाळी, सगळ्यांदेखत."

मित्रांनो, ही पैज माझ्यावर लागली होती. मी एक जुनी, सोन्याची, पाच रंगांच्या पाच खड्यांची अंगठी. वय विचारू नका, मोजायचाही कंटाळा येतो. सकाळी दोरीवरचे कपडे काढताना काकूंच्या बोटाला गांधीलमाशी चावली, बोट टम्म फुगलं आणि मी अडकले. भाऊजी शेजारच्या दारातले. तीस वर्षं बस चालवून आता घरी बसलेले, त्यामुळे पैजा लावायला मोकळे.

मी घडले तेव्हा माझ्यात पाचही माणकं होती. सोनारानं मला तळहातावर ठेवून स्वतःचीच पाठ थोपटली. पहिल्या मालकिणीनं मला घालूनच पीठ मळलं आणि एक माणिक पिठात गेलं. त्या दिवशी घरातला प्रत्येक जण जपून जपून चावत होता. कोणाच्या पोटात गेलं ते मला माहीत आहे, पण मी चहाडी करत नाही. त्या जागी हिरवा खडा आला. तिच्या सुनेचं बोट जाडजूड, म्हणून मला कापून वाढवलं. त्यात एक माणिक तडकलं, निळा खडा आला. मग कितीतरी वर्षं मी कपाटात, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी पडून. खरं सांगू? तेच दिवस सुखाचे.

पुढे मी काकूंच्या सासूबाईंकडे आले. त्यांचं बोट काडीसारखं. पुन्हा कापली, पुन्हा एक माणिक गेलं, पिवळा आला. काकूंना द्यायच्या आधी सासूबाईंनी मला तिसऱ्यांदा गुपचूप कापून मोठी केली. त्यात सैल झालेलं आणखी एक माणिक मोरीत गेलं, तिथं पांढरी काच बसवली. आणि सुनेच्या हातावर ठेवताना म्हणाल्या काय, "पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी आहे. हिला कधी करवत लागलेली नाही. तूही लावू नकोस."

लोक म्हणतात, काय रंगसंगती. अहो, ती रंगसंगती नाही, ठिगळं आहेत. टेलरकाकूंना कुठलंही ठिगळ दहा पावलांवरून दिसतं, पण सासूच्या शब्दापुढे चष्मा चालत नाही.

तर साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला. मशीनवरचा दोरा बोटाला गुंडाळून ओढून झालं. मी जागची हलले नाही. दुपारपर्यंत बोट जांभळं झालं. आतली नाडी मला सकाळी ठकठक लागत होती, ती आता लागेनाशी झाली. बाई, काप मला, असं ओरडावंसं वाटत होतं. पण तोंड कुठंय?

भाऊजींचं हसू केव्हाच मावळलं होतं. "वहिनी, पैज मी हरलो. झालं? आता सोनाराकडे चला."

"हरलात तर चाला उलटं."

"चालतो की. तुम्ही आधी उठा. बोट गेलं तर शिवणार काय, कपाळ?"

"तो न कापता काढणार असेल तरच येते."

सोनारानं डोळ्याला भिंग लावून मला फिरवून फिरवून पाहिलं. "काकू, ही तीनदा कापून जोडलीय. हे बघा सांधे. आणि हा पांढरा खडा साधी काच आहे."

"नीट बघा."

"नीटच बघितलं. बोट काळं पडायला लागलंय. अजून थांबलात तर माझ्याकडे नाही, दवाखान्यात जावं लागेल."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी मला जिवापाड जपलं होतं. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाई भारीच होत्या." त्यांनी बोट पुढं केलं. "मग मीच कोण मोठी लागून गेले? कापा."

सोनारानं माझ्याखाली पातळ पट्टी सरकवली आणि छोटी गोल करवत फिरवली. दुखलं म्हणता? सवय झालीय. पण बोटात पुन्हा ठकठक सुरू झाली, ती मला बोटातून निघेपर्यंत ऐकू आली.

मित्रांनो, दागिना जपा, पण आधी बोट जपा. हाताला काही चावलं, मार लागला, की सूज यायच्या आत आम्हाला काढून ठेवा. अडकलोच तर खुशाल कापा. सोनं जोडता येतं. आणि अधूनमधून आम्हा म्हाताऱ्यांना कपाटात निवांत झोपू द्या.

चौकात आल्यावर काकू थांबल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी मघाशीच हरलोय म्हटलं ना."

"अंगठी कापली की नाही? मग हरले मी. टेलरची तारीख मोडते, शब्द नाही."

एका हाताला पट्टी, दुसऱ्या मुठीत मी. काकू उलट्या चालू लागल्या. दुकानदार बाहेर आले, खिडक्या उघडल्या. भाऊजी मागं राहून, बस मागं घेतात तसा हात हलवत होते. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे घ्या, सायकल आहे... येऊ द्या."

"काकू, माझी पँट कधी मिळणार?" वरून कोणीतरी ओरडलं.

"उद्या," काकू म्हणाल्या, आणि आणखी एक पाऊल मागं आल्या.