मागच्या अंगणातलं झाड

१९८१च्या मे महिन्यात इनाबा सर आणि मी बारा रिकाम्या गोण्या घेऊन इबाराकीतल्या चेस्टनटच्या बागेत पोचलो, तेव्हा बाग लख्ख झाडलेली होती आणि झाडांवर एकही गाठ नव्हती.

आम्हाला गाठीच हव्या होत्या. इवलीशी गांधीलमाशी चेस्टनटच्या कळीत अंडी घालते आणि वसंतात तिथे पालवीऐवजी लालसर गाठ फुगते. ती फुगताना झाड कोणतं संप्रेरक बनवतं, हा माझ्या डॉक्टरेटचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागातून, झाडाची वाढ ठरवणारं एक स्टेरॉइड हाती लागलं होतं.

"त्यांना वरची पायरी सापडली," सर म्हणायचे. "झाड तिथवर चढतं कसं, ते आपण शोधू."

खालची एक पायरी गाठीत सापडेल, असा माझा अंदाज होता. पण दोन वसंतांच्या गाठींतून निघालेला अर्क यंत्राला ओळखता येईल इतकाही नव्हता. यंदा जमलं नाही तर विषय सोडायचा, हे ठरलं होतं. हिरव्या गाठी मिळतात जेमतेम दोन आठवडे.

बागेचे मालक हिरानुमा आजोबा फाटकाशी वाकून उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा.

"सर, आपलं पत्र आलं आणि लगेच कामाला लागलो. एकूण एक गाठ कापून जाळली. विद्यापीठाची माणसं येणार, आणि त्यांना रोगट बाग दाखवायची?"

पत्र सरांनी लिहिलं होतं, आणि सर कधी थेट काही मागत नसत. 'गाठींची पाहणी करण्यास येत आहोत', एवढंच त्यात होतं.

"फार कष्ट घेतलेत," सर म्हणाले.

मी गोण्या पाठीमागे लपवल्या. बारा गोण्या कुठे लपतात?

"हे कशाला?" आजोबांनी विचारलं.

"गाठी न्यायला," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

आजोबांचा चेहरा उतरला. "अगं पोरी, तसं लिहायचं ना! चार दिवस खपलोय मी. कंबर मोडली माझी!"

घरात त्यांनी जवाचा गार चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं आणि पाच वेळा माफी मागितली. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात त्यांच्या बायकोचा, फुसाएंचा फोटो होता. फोटोपुढच्या फुलदाणीत चेस्टनटची एक फांदी होती. फांदीवर सात गाठी.

"आजोबा, ही कुठली?"

ते चहात बघत राहिले. "मागच्या अंगणात एक झाड आहे. तिनं बी रुजवून लावलेलं. रोग आला त्या पहिल्या वर्षी तिला वाटलं, ही फुलंच आहेत. गावकरी म्हणतात तोडा. मी करवत लावत नाही." मग सरांकडे वळून म्हणाले, "पण ते पाहुण्यांना दाखवण्याजोगं नाही हो."

"आम्हाला तसलंच हवंय," सर म्हणाले. एवढं थेट बोलताना मी त्यांना फक्त त्याच दिवशी ऐकलं.

झाड वेडंवाकडं होतं आणि गाठींनी लगडलेलं होतं. आजोबांची अट एकच होती: हाताने खुडायच्या. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत खुडत होतो. माझा हात जोरात चालला की आजोबा ओरडत, "हळू! ती बघतेय." तीन गोण्या भरल्या. शेवटची एक फांदी त्यांनी फुलदाणीसाठी ठेवून घेतली.

तो अर्क काढायला डिसेंबर उजाडला. रोज अर्काचा नवा भाग, रोज भाताच्या कोवळ्या पानांचे तुकडे, रोज कोनमापक. अर्कात संप्रेरक असेल तर त्यात ठेवलेलं पान मागे वळतं; उभंच राहिलं तर काही नाही. एका सकाळी पानं मागे वळून पार आडवी झाली होती. यंत्रानेही या वेळी उत्तर दिलं: झाडाने स्वतःच्याच स्निग्ध पदार्थातून घडवलेलं स्टेरॉइड, अमेरिकेतल्यापेक्षा एका पायरीने मागचं. सरांनी कोन स्वतः पुन्हा मोजला आणि म्हणाले, "प्रबंध लिहायला घ्या."

रविवारी मी एका नळीत भाताचं रोप घेऊन बसने गेले. दोन दिवस आधी त्याला गाठींच्या अर्काचा एक थेंब दिला होता, तसं मी आजोबांना सांगितलं. त्यांनी रोप फुलदाणीशेजारी ठेवलं.

"त्या थेंबात आहे ते माशीनं केलं?"

"झाडानंच केलं. माशीनं फक्त करायला लावलं."

"तिचंही असंच होतं," ते फोटोकडे बघत म्हणाले. "काम माझं, करायला लावणार ही."

मग त्यांचं लक्ष आडव्या पानाकडे गेलं. माझ्याकडे चोरून बघत त्यांनी दोन बोटांनी ते हळूच सरळ करायला घेतलं.

"आजोबा! राहू द्या. तसंच असायला हवंय."

त्यांनी हात मागे घेतला. "पुन्हा आवरायला निघालो होतो," ते म्हणाले, आणि फोटोपुढे वाकून तिचीही माफी मागितली.