दुसरा पलंग

"काका, एकट्यानं जाता तं लय महाग पडंल," दिग्रसच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात बसलेला अनिकेत म्हणाला. "खोली दोघांत घ्या लागते. पुसदचे एक गुरुजी हायेत, तेबी एकटेच. त्यायच्यासंग टाकू का तुमाले?"

नॉर्वेची ही सहल नीळकंठांनी बायकोसोबत, शोभासोबत, ठरवली होती. कडाक्याच्या थंडीत तिकडे फारसं कोणी फिरकत नाही, म्हणून ती परवडणारी होती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कारकुनीत याहून मोठी हौस झेपली नसती, आणि कापसाचे दिवस फिरल्यावर ती जिनिंगही बंद पडली. शोभाला मात्र आभाळात नाचणारा तो हिरवा उजेड पाहायचाच होता. मे महिन्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन ती म्हणायची, "एकदा तरी थंडीनं माह्ये दात वाजले पाह्यजे." आणि श्रावणात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

"टाक," नीळकंठ म्हणाले. घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचाच राग आला. तिच्या पलंगावर आता कोणीतरी परका घोरणार होता.

एक अख्खी बॅग रजईनंच भरली. आर्णीजवळ शोभाच्या भावाचं शेत होतं. तिथं सीतादहीची, म्हणजे कापूस वेचण्याआधीची पूजा झाल्यावर निघालेला पहिल्या वेच्याचा कापूस तिनं मागून आणला होता आणि पिंजाऱ्यासमोर बसून दोघांपुरती रजई भरून घेतली होती. "हॉटेलवाल्यायचं पांघरूण किती जाड राह्यते कोनाले माहीत?" असं तिचं म्हणणं. ती रजई घरी ठेवून जायला नीळकंठांचा जीव होईना.

तिथं पोचल्यावर कळलं, बाहेर बर्फ असला तरी खोल्या इतक्या गरम, की माणसानं बनियनवर बसावं. त्यांच्या खोलीतले गुरुजी, डोंगरसिंग राठोड, रजई पाहून पोट धरून हसले. "नीळकंठभाऊ, ही कायले आनली हो? इथं तं पंखा पाह्यजे!"

नीळकंठांना ते झोंबलं. त्यांनी रजई पुन्हा बॅगेत कोंबली आणि दोन दिवस गुरुजींशी कामापुरतंच बोलले. गुरुजी बिचारे चहा करून पुढ्यात ठेवत, घरून आणलेल्या तिळाच्या चटणीची पुडी सोडत. नीळकंठ पाठ करून झोपत. हिरवा उजेडही दिसत नव्हता. आभाळ भरलेलंच होतं.

शेवटच्या दिवशी गुरुजी कॅनव्हासचे बूट घालून बर्फात हिंडले आणि हुडहुडी भरून परतले. एवढ्या गरम खोलीत त्यांचे दात वाजत होते. हॉटेलच्या पांघरुणानं भागेना. श्रावणात नीळकंठांनी शोभाचे दात असेच वाजताना ऐकले होते. ते उठले, बॅग उघडली आणि रजई गुरुजींच्या अंगावर घालून पायाकडून नीट खोचली.

"कोनं भरली?" गुरुजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"घरवालीनं. आता नाही ते."

"मंग मले काहून देता?"

"तिचाच पलंग हाय हा," नीळकंठ म्हणाले. आजवर हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली. थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले.

दुपारचे चारच वाजले असतील, पण बाहेर मिट्ट काळोख होता. अचानक रस्त्यावर सहलीतल्या लोकांचा गलका झाला. नीळकंठ खिडकीशी गेले. ढग फाटले होते, आणि डोंगरामागून हिरवा उजेड वर चढत होता, वाळत घातलेलं पातळ वाऱ्यानं हलावं तसा.

"अवं, उठ!" ते ओरडले. "पाह्य ना! आला पाह्य!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं, हाक शोभाला मारली होती. मागे वळून पाहायचं त्यांच्यानं होईना.

मागून पावलं वाजली. डोंगरसिंग रजई पांघरूनच शेजारी येऊन उभे राहिले.

"पाहून राह्यलो," ते हळूच म्हणाले. "दिसते मले."

नीळकंठांचे डोळे वाहत होते. ते त्यांनी पुसले नाहीत. दोघांपुरती रजई एकट्याच्या खांद्यावरून खाली लोळत होती. नीळकंठांनी वाकून तिचं टोक उचललं.

"घ्या ना आंगावर," गुरुजी म्हणाले.

"नको. गरम होते मले."

उजेड विझेपर्यंत नीळकंठ ते टोक हातात धरून उभे राहिले.