बत्तिसाव्या पानानंतर

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि माझ्यापायी एका बाईचं फार मोठं नुकसान झालं आहे. माझ्या जातीची पुस्तकं आधी आपला जन्म सांगतात, मग बालपण, मग धूळ आणि वाळवी. मीही सांगणार आहे. पण हे पहिल्यांदा सांगून टाकतो, म्हणजे माझ्या जाडजूड पाठीवरची सोनेरी अक्षरं पाहून तुम्ही भुलणार नाही.

खरं पाहता मी एक नव्हेच. मी मूळचा चार. यंत्रांचं, अवकाशयानांचं, संगणकाचं आणि आगगाडीच्या इतिहासाचं, अशी मुलांसाठी लिहिलेली चार पातळ पुस्तकं, प्रत्येकी चौसष्ट पानांची. लिहिणारे एक निवृत्त इंजिनिअर होते. अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्यांना भारी हौस. वाफेचं इंजिन समजवायला त्यांनी चहाच्या आधणावरचं झाकण उडवून दाखवलं होतं. पुण्याच्या छापखान्यात मी छापला गेलो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. असे चार फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं माझं एक भावंड.

तिथून मी हैदराबादला आलो, जामबागेतल्या एका खोलीच्या मराठी वाचनालयात. काय दिवस होते ते! शाळा सुटली की पोरं धावत यायची. अवकाशयानाच्या चित्रावर बोटांचे डाग पडले, आगगाडीच्या भागासाठी तर वह्यांनी मारामाऱ्या झाल्या. संगणकाच्या भागात कपाटाएवढा संगणक काढलेला आहे, त्याला आज कुणीही हसेल. हसा बापडे, तेव्हा तो तेवढाच होता.

मग पोरं इंग्रजी शाळांत गेली. घरी मराठी बोलायची, पण वाचायला बसली की अडखळायची. वाचनालयात उरली वर्तमानपत्रं चाळणारी चार म्हातारी माणसं आणि कुसुमताई. कुसुमताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. रोज चार ते साडेसहा कुलूप उघडून बसायच्या, कुणी येवो न येवो. माझे दोरे सुटायला लागले तेव्हा त्यांचाच जीव तुटला. चौघांनाही पिशवीत घालून त्या गौलीगुड्याच्या एका गल्लीत पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दवाल्या चाचांकडे घेऊन गेल्या.

“चारही एकात बांधून द्या, मजबूत,” त्या म्हणाल्या.

“फिकर नक्को करो अम्मा,” चाचा म्हणाले, “तुमे गये तो बी ये नै टूटता.”

चाचांचं काम खरोखर चोख. माझी विटलेली वेष्टनं काढली, जुने दोरे उसवले, खळ लावली. पण चहावाल्या पोऱ्याला वाट द्यायला ते उठले आणि मांडीवरचे अवकाशाचे आणि आगगाडीचे गठ्ठे घसरून एकमेकांत मिसळले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखायचे. त्यांनी आकडे बघून फर्मे लावले, बत्तीसच्या पुढे तेहेतीस. चुकले कुठे? तेहेतीस दोन्हीकडे होतं! आगगाडीचा तिसरा फर्मा अवकाशात गेला आणि अवकाशाचा तिसरा आगगाडीत आला.

दुसऱ्या दिवशी मला ताईंच्या हातात देताना चाचा म्हणाले, “अम्मा, एक बार पन्ने देख लेव. मेरेकू मराठी पढने नै आती.”

ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सोनेरी अक्षरं बघून हरखून गेल्या. “नंतर बघते हो चाचा, माझी बस जाईल,” म्हणाल्या आणि बस स्टँडकडे पळाल्या. ते नंतर काही आलं नाही. मी कपाटात गेलो आणि पाच वर्षं कुणी मला हात लावला नाही.

मग भाग्यलक्ष्मी आली.

मलकपेठेत राहणारी, चाळिशीची बाई. माहेर बिदरकडचं, शेतकऱ्याचं. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं आणि गाद्यांच्या खात्यात टाकलं. डब्यातल्या जुन्या बाकांच्या गाद्या फाडायच्या, आतला सडका फोम उपसायचा, नवा भरायचा. अकरा वर्षं ती धूळ तिच्या छातीत जात होती. आता जिना चढली की धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे काम सोड, नाहीतर फुप्फुसं जातील. पण नोकरी सोडून खाणार काय? एकच वाट होती. ब्रेकच्या खात्यात कारागिरांच्या जागा भरायच्या होत्या, खात्याची परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी.

“ताई, ब्रेकवर मराठीत काही आहे का?” तिनं दारातूनच विचारलं. तिचा श्वास अजून बसला नव्हता. “हिंदी गाइड हाय माझ्याकडं. समदे आकडे पाठ केले. पण कायकू लागतो ब्रेक, कसा लागतो, तेच डोक्यात शिरंना. खात्यातल्या माणसांना विचारलं तर हसायलेत. म्हणतात, अक्का, गाद्या शिवा तुमी.”

कुसुमताईंनी मला काढून दिलं. “मुलांसाठी आहे गं,” त्या संकोचून म्हणाल्या.

“लेकरांचंच पायजे मला.”

मित्रांनो, काय सांगू! माझ्या पानापानाला पालवी फुटली. रोज कारखाना सुटला की ती वाचनालयात यायची आणि आगगाडीचा भाग उघडायची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. घोड्याने ओढायची गाडी, वाफेचं इंजिन, हाताने आवळायचा ब्रेक. एकतिसाव्या पानावर हवेचा ब्रेक सुरू झाला तेव्हा ती एवढ्या जोरात “आलं, आलं!” म्हणाली की वर्तमानपत्रवाले आजोबा दचकले.

बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: “ड्रायव्हर नळीत हवा सोडतो, ती डब्याडब्याला पोचते, दट्ट्या ढकलला जातो, ब्रेक चाकावर दाबला जातो आणि गाडी थांबते.”

पूर्णविराम. तिनं पान उलटलं. तिथं रॉकेटच्या इंधनाच्या टाक्या होत्या.

“संपलं वाटतं आगगाडीचं,” ती म्हणाली. चार विषय एकात बांधलेले, मधली वेष्टनं काढून टाकलेली. तिला संशय यावा तरी कशाचा?

अगं, संपलं नाही! तेहेतिसाव्या पानावर पहिलंच वाक्य आहे: “पण या योजनेत एक मोठी खोट होती.” नळी फुटली की हवा निसटायची आणि गाडी थांबायचीच नाही, माणसं मरायची. म्हणून मग सगळं उलटं केलं. नळीत हवा कायम भरून ठेवायची, हवा आहे तोवर ब्रेक मोकळे, आणि हवा गेली की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक दाबते. नळी तुटली तरी गाडी आपोआप थांबते. आजच्या गाड्या अशाच चालतात. हे सगळं माझ्या पोटात होतं, सव्वाशे पानं अलीकडे, अवकाशाच्या भागात!

एकदा कुसुमताई म्हणाल्याही, “जरा अवकाशाचंही वाच. फार छान लिहिलंय.”

माझे दोरे ताठ झाले. वाच, बाई, वाच!

“मला चांदावर जाऊन काय करायचंय, ताई?” ती हसली आणि पुन्हा पान एकतीस काढलं. तीन आठवडे तिनं तीच दोन पानं घोकली. चुकीची नव्हती हो ती, अर्धी होती. मी काय करणार? तोंड शिवलेल्या माणसासारखी माझी गत. ती पान उलटायची आणि मला वाटायचं, आता वारा येईल, आता पंखा पानं फडफडवेल. पण चाचांनी मला असं घट्ट बांधलं होतं की एक पान हलेल तर शपथ.

लेखी परीक्षेत ती पास झाली. आकडे पाठच होते. वाचनालयात पेढे घेऊन आली, एक माझ्याशेजारी ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी मात्र ती चारच्या आधीच येऊन पायरीवर बसली. कुसुमताईंनी कुलूप काढलं. तिनं मला कपाटातून ओढलं आणि टेबलावर आपटलं.

“खोटं हाय हे पुस्तक!”

“काय झालं गं?”

“सायबानं एकच विचारलं. चालत्या गाडीची ब्रेकची नळी तुटली तर काय व्हईल? मी म्हणलं, ब्रेक लागणार नाही, हवाच गेली म्हणल्यावर कसा लागंल? समदे हसले, ताई. सायेब हसला नाही. हिंदीत म्हणला, गाडी थांबते, बाई, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात मी हजार माणसांचा ब्रेक कसा देऊ? बराबर म्हणला त्यो. मीच दिला नसता.”

ती बोलली आणि खोकल्यानं वाकली. कुसुमताईंनी पाणी दिलं. मग चष्मा लावून मला पुढ्यात घेतलं. “लिहिणारा माणूस इतका चुकणार नाही,” म्हणाल्या आणि एकेक पान उलटू लागल्या. यंत्रं. अवकाश. अवकाशाचं बत्तीस. पुढे तेहेतीस.

त्यांचा हात तिथंच थांबला. तिथं आगगाडीचा ब्रेक होता.

“भाग्यलक्ष्मी,” त्या म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं गं. चाचा म्हणाले होते, पानं बघून घ्या. मला बस गाठायची होती.”

भाग्यलक्ष्मीनं खुर्ची जवळ ओढली. तिनं मला आपल्याकडे वळवलं आणि ती सोळाच्या सोळा पानं मोठ्यानं वाचली, मध्ये दम घेत घेत. शेवटी म्हणाली, “किती सोपं हाय. लेकराला बी कळंल.”

“परत बांधून आणते मी,” ताई म्हणाल्या.

“नको. आता कुठं देऊ नका ह्याला.”

वाचनालयाच्या पुस्तकावर साधी रेघ ओढली तरी ताई रागवायच्या. त्या दिवशी त्यांनीच आपली पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. भाग्यलक्ष्मीनं माझं बत्तिसावं पान काढलं आणि खाली ठसठशीत लिहिलं: “इथं संपत नाही. पुढचं पान अवकाशाच्या भागात बत्तीसच्या पुढं हाय. थांबू नका.”

त्यानंतर ती आली नाही. सकाळी आठला ती गाद्यांच्या खात्यात असते, असं ताई कुणाला तरी सांगत होत्या. खोकला वाढलाय म्हणे.

मित्रांनो, पुस्तकं बांधून आणाल तर एकदा पानं नजरेखालून घाला. पुस्तक उघडाल तर तुमच्या कामाचं नाही म्हणून उरलेलं सोडून देऊ नका. आम्हाला हाक मारता येत नाही. मला वाळवी लागली असती, पावसात भिजून माझा लगदा झाला असता, तर मी काही म्हटलं नसतं. पण मी धडधाकट होतो. रोज तिच्या हातात होतो. तिला जे हवं होतं ते सगळं माझ्यात होतं, हो. सगळं होतं.