रुदाकोवच्या पाणबुडीवरची टकटक

पाणबुडीवाल्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. समुद्राखाली दडून बसायचं आणि वर आल्यावर साळसूदपणे म्हणायचं, आम्हाला तर काही ऐकू आलं नाही. माझी सगळी नोकरी बॅरेन्ट्स समुद्रात, पाणबुड्या हुडकणाऱ्या जहाजावर गेली. मी मिचमन, म्हणजे ना धड अधिकारी, ना धड खलाशी. दोन्हीकडून बोलणी खाणारा. पुढच्या डेकवरचा रॉकेट लाँचर माझ्या ताब्यात होता.

त्या एप्रिलात आमचा सराव लागला तो नेमका कॅप्टन रुदाकोवच्या पाणबुडीशी. सरावाच्या रॉकेटमध्ये दारू नसते, नुसता सिमेंटचा भराव असतो. नेम लागला तर पाणबुडीच्या पाठीवर टकटक होते, आणि ती झाली की नाही हे सांगायचं आत बसलेल्यांनी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला डुकराचं पिल्लू भाजून द्यायचं, अशी आमच्या बंदरातली रीत होती, आणि रुदाकोवने आजवर एकही टकटक कबूल केली नव्हती.

पिल्लू गेलं खड्ड्यात. मला काळजी होती ती नारमुरादची. शाहरिसब्झकडच्या खेड्यातला हा उझबेक खलाशी लाँचरखालच्या कोठीत राबायचा. शरदात त्याला मुलगी झाली होती आणि अजून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. नेम लागला तर नारमुरादला घरी जायची रजा, असं आमचे कॅप्टन यार्त्सेव सगळ्यांसमक्ष बोलले होते. नाही लागला तर नोकरीची मुदत संपेपर्यंत वाट बघा.

सकाळी जहाजाच्या पोटातल्या यंत्राने पाण्यात आवाज सोडला आणि तो कशावर तरी आपटून परत आला. पाणबुडी कुठे, किती खोल, कुठल्या दिशेला, हा हिशेब गणकयंत्राने केला आणि लाँचर आपणहून वळला. त्या वेळी डेकवर कोणी थांबायचं नसतं. मी आतून काचेआडून बघत होतो. घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या नळ्यांनी माना उंचावल्या आणि एकामागून एक रॉकेट सोडलं. पाणबुडी आत्ता आहे तिथे मारून उपयोग नसतो. रॉकेट बुडत बुडत खाली पोचेल तोवर ती जिथे गेलेली असेल, तिथे मारायचं. दूर पाण्यावर तुषारांचं मोठं कडं उठलं. मग लाँचरने नळ्या सरळ आभाळाकडे केल्या, खालचं झाकण उघडलं आणि नारमुरादच्या कोठीतली नवी रॉकेटं एकेक करून नळ्यांत चढू लागली. बिचाऱ्याला खाली समुद्र दिसत नव्हता. तो फोनवरून सारखा विचारत होता, लागलं का, सावेलिच? आणि मी त्याला गप काम कर म्हणून दटावत होतो, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

सराव संपला, पाणबुडी वर आली. रुदाकोव पाणबुडीच्या पाठीवरच्या बुरुजावर उभा राहिला आणि भोंग्यातून ऐटीत सांगू लागला की टकटक वगैरे काही झालेली नाही. आवाज झाला तो त्यांच्या स्वयंपाक्याचा. सगळे श्वास रोखून लपलेले, आणि हा येवसेय आत गोठलेलं मांस कुऱ्हाडीने फोडत होता. महिनाभर संडास घासायची शिक्षा दिली आहे त्याला. शेजारी येवसेय एप्रनमध्ये कुडकुडत उभा होता आणि आईची शपथ घेऊन सांगत होता की त्याने कुऱ्हाडीला हातसुद्धा लावला नाही.

मी दुर्बीण लावली. बुरुजाच्या मागे, पाणबुडीच्या ओल्या पाठीत काहीतरी रुतून उभं होतं. आमच्या रॉकेटचं शेपूट. मला हसू आवरेना. मी नुसती दुर्बीण यार्त्सेवांच्या हातात दिली.

त्यांनी बघितलं, घसा साफ केला आणि भोंगा उचलला. "रुदाकोव, जरा मागे वळून बघता का?"

रुदाकोवच्या आधी येवसेय वळला. निसरड्या डेकवरून धावत जाऊन त्याने त्या रॉकेटला मिठी मारली. दोन्हीकडचे खलाशी पोट धरून हसत होते. मग रुदाकोव वळला. आता हा म्हणणार, हे तर आधीपासूनच इथे होतं, अशी मला खात्री होती. त्याने रेडिओ उचलला आणि सगळ्या ताफ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "टकटक झाली होती. आम्हाला वाटलं, आमचा स्वयंपाकीच आहे. म्हणून दार उघडलं नाही."

त्या घटकेला मला पाणबुडीवाले आवडले. फार वेळ नाही, पण आवडले.

येवसेय ओरडून सांगत होता की ज्याने हे रॉकेट चढवलं त्याच्यासाठी पिल्लू तो स्वतः भाजणार. मी कळवलं की तो माणूस डुक्कर खात नाही, त्याचा वाटा माझ्या ताटात येतो, आणि म्हणूनच तो मला इतका प्रिय आहे.

मग मी कोठीत फोन लावला आणि नारमुरादला म्हणालो, सामान बांध, लागलं.

तो आनंदाने ओरडेल असं मला वाटलं होतं. पण त्याने हळूच विचारलं, "सावेलिच, एवढ्याशा मुलीला बाप ओळखू येतो का हो?"

माझी तिन्ही मुलं जन्मली तेव्हा मी समुद्रावर होतो. हा प्रश्न कोणाला विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

"नाही येत," मी म्हणालो. "आधी भोकाड पसरेल. तू घाबरून खाली ठेवू नकोस, एवढंच."